आणि संच

आजच्या या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष, वयानं आणि मानानं आम्हा सगळ्यांना वडीलधारे आदरणीय तातेरावजी कदम साहेब, नांदेडहून एवढ्या उन्हात मुद्दाम आलेले कॅसेट कंपनीचे तरुण मालक रामप्रसादजी, व्यासपीठावरचे सरपंच साहेब, केंद्रप्रमुख साहेब आणि सर्व मान्यवर, माझ्यासोबत खडू झिजवलेले माझे सहकारी शिक्षक, औंढ्याहून, कुरुंद्याहून, आखाडा बाळापूरहून मिळेल त्या वाहनानं आलेले रसिकजन, माझे आजी-माजी विद्यार्थी, माता-भगिनी, आणि शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलेल्या रूपाबाई वसराम राठोड. सगळ्यांना माझा नमस्कार.

आमचा सूत्रसंचालक स्वप्निल घाबरून माझ्याकडं बघतोय. त्यानं मला नावांचा कागद लिहून दिला होता, कोणाच्या आधी कोण, सगळं क्रमानं. रूपाबाईंचं नाव त्यात नव्हतं. पोरा, तुझी काही चूक नाही. ते नाव मी घातलं. ते घालण्यासाठीच मी आज इथं उभा राहिलोय, नाहीतर मी येणारच नव्हतो.

येत्या एकतीस तारखेला मी नोकरीतून मोकळा होतोय. छत्तीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवली आणि त्यातली पंधरा-वीस वर्षं तुम्हाला गाणं ऐकवलं. तुम्ही मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, हा एवढा मोठा हार घातलात. मानपत्रही दिलंत, आणि फार सुंदर अक्षरात. मास्तरची खोड काही जात नाही, वाचन चालू असतानाच मी ओळी मोजल्या. सतरा आहेत. त्यातल्या सोळा तुमच्या प्रेमाच्या आहेत, त्या मी घरी नेईन. नववी ओळ मात्र मी इथंच ठेवून जाणार आहे. नववी ओळ अशी: 'ज्यांच्या प्रतिभेतून त्या अजरामर सुरावटीचा जन्म झाला.'

कोणती सुरावट? एक छोटी परीक्षा घेऊ का? 'उभी कयाधूच्या काठी' हे गाणं या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? सगळ्यांना ठाऊक आहे. मग जरा मनात गुणगुणून बघा. डोळे मिटून. हं. मागच्या बाजूला कोणीतरी मोठ्यानंच गुणगुणलं, शाबास. आता मला सांगा, तुम्ही गुणगुणलात त्यात शब्द कुठं आहेत? नाहीत! तुम्ही गुणगुणलात तो दुसऱ्या कडव्यानंतरचा कीबोर्डचा तुकडा. वर चढतो, एका ठिकाणी अडतो, हुंदका आल्यासारखा थांबतो आणि मग खाली येतो. गुरुजींचं कौतुक करता, पण माझं गाणं तुम्हाला पाठ नाही, पाठ आहे तो तुकडा. गेली चौदा-पंधरा वर्षं हिंगोलीपासून वसमतपर्यंत मुलगी सासरी निघाली की बँडवाला माझं गाणं वाजवत नाही, तेवढा तुकडा वाजवतो. आणि मांडवातली दगडासारखी माणसं उपरण्यानं डोळे पुसतात.

तो तुकडा माझा नाही.

पाणी देता का जरा? ... असू द्या, असू द्या. बोलतो.

वसराम राठोड हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, मला मोजायची भीती वाटते. हरसिंग नाईक तांड्यावरचा माणूस. तीन एकर कोरडवाहू रान, चार-पाच वर्षं ऊसतोडीला गेला, तिथंच उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर कोयत्याखाली गेलं. नऊ बोटं आणि एक अर्धं. एवढ्या भांडवलावर हा माणूस आधी पेटी वाजवायचा, मग कीबोर्ड. मी त्याला पहिल्यांदा औंढ्याला एका भजनात ऐकलं. बुवा गाता गाता अडले, आणि पेटी थांबली नाही. पेटीनं बुवांना हाताला धरून पुढच्या ओळीवर नेऊन सोडलं. बुवांना वाटलं आपणच गेलो. लोकांना वाटलं बुवा काय गातात! मी तेव्हाच ठरवलं, हा माणूस माझ्यामागं बसला पाहिजे.

बघा, भाषासुद्धा कशी असते आमची. 'माझ्यामागं.'

एक्क्याण्णव सालची गोष्ट. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो. रामप्रसादजींच्या वडिलांनी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, माझं गाणं कुठंतरी ऐकलं आणि कॅसेट काढायचं ठरवलं. त्यांची एकच अट होती. पेटी भजनाला, गाण्याला कीबोर्ड पाहिजे. औंढ्याच्या एका बँडवाल्यानं अडगळीत टाकलेला कीबोर्ड वसरामनं मागून आणला. त्यातल्या दोन पट्ट्या वाजतच नव्हत्या. महिनाभर तो रोज रानातून आला की त्याच्यावर बसायचा. मी विचारलं, 'जमतंय का रे?' तर म्हणाला, 'दोन पट्ट्या मुक्या हायेत अन् माझं अर्धं बोट. बराबर जमतंय आमचं.'

नांदेडला तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, त्यावर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. आवाज येतो म्हणून पंखा बंद. मे महिना. ढोलकीवर लखमा, कीबोर्डवर वसराम आणि मधोमध मी. आजच्यासारखं तुकडे तुकडे जोडायची सोय नव्हती. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम गायचं, कोणाचं चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सकाळपासून सहा वेळा चुकलो. लाइट चारला जाणार होती. रेकॉर्डिंग करणारा माणूस म्हणाला, 'गुरुजी, आता शेवटची टेप आहे. झालं तर झालं.'

सातव्या वेळी पहिलं कडवं छान गेलं. दुसरं गेलं. आणि तिसऱ्याची पहिली ओळ माझ्या डोक्यातून गेली. साफ गेली! फळ्यावरून पुसावी तशी. मीच लिहिलेलं गाणं, आणि मलाच आठवेना. घामानं डोळे चुरचुरत होते. मी वसरामकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मान खाली घातली आणि वाजवायला लागला. आम्ही बसवलेलं काहीच नव्हतं ते. मी कधी ऐकलेलंही नव्हतं. लखमानं ढोलकी हळू केली, अगदी बोटांच्या टोकांवर आणली. वसराम वाजवत राहिला, त्याचं अर्धं बोट जिथं पडायचं तिथं सूर अडखळत राहिला, आणि मला ओळ आठवली. मी गायलो. टेप संपली.

रेकॉर्डिंगवाला रडत होता. आपल्या कानांवरचं ते मोठं यंत्र काढून तो म्हणाला, 'ते मधलं काय होतं हो?'

मी म्हणालो, 'जमून आलं.'

इथपर्यंत पाप नाही. गायक अडतो, साथीदार सावरून घेतो, ही रीतच आहे. पाप पुढं आहे. वसराम आणि लखमा खाली सामान जीपला बांधायला गेले. मीही उतरलो, तर पहिल्या मजल्याच्या जिन्यात रामप्रसादजींचे वडील कागद-पेन घेऊन उभे होते. त्यांनी सरळ विचारलं, 'गुरुजी, कव्हरवर संगीत कोणाचं लिहायचं?' खालून लखमाच्या हसण्याचा आवाज येत होता. मला एवढंच करायचं होतं की जिन्यातून हाक मारायची, 'वसराम, जरा वर ये.' चौदा पायऱ्या होत्या. मी म्हणालो, 'संगीत माझंच लिहा. बाकी आणि संच.'

'सटवाजी इंगोले आणि संच.' तुमच्यापैकी कोणाच्या घरी ती कॅसेट अजून असेल तर काढून बघा. त्या 'आणि संच' या दोन शब्दांत एक अख्खा माणूस आहे. खरं म्हणजे दोन आहेत. लखमा म्हणायचा, 'गुरुजी, आमच्या मायनं ठेवलेली नावं कंपनीला परवडली न्हाईत का?' लखमा तोंडानं फटकळ होता, बोलून मोकळा व्हायचा. वसराम बोलायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला न बोलणारा साथीदार फार सोयीचा असतो.

चौऱ्याण्णव साली हिंगोलीच्या दसऱ्यात आपला कार्यक्रम झाला. मैदान भरून माणसं. निवेदकानं माइक माझ्यापुढं धरला आणि विचारलं, गुरुजी, तो मधला तुकडा तुम्हाला सुचला कसा? काय सांगू तुम्हाला! मी सांगितलं, एका संध्याकाळी मी कयाधूच्या काठावर बसलो होतो, बगळ्यांची रांग चालली होती, पैलतीरावर एक लेक सासरी निघाली होती, आणि माझ्या काळजातून ती सुरावट आली. टाळ्या थांबेनात. बगळे कुठून आले मला माहीत नाही. ज्या माणसानं तो तुकडा वाजवला तो माझ्यापासून चार हातांवर बसला होता. मी वळून बघितलं तेव्हा तो गळ्यातल्या गमछ्यानं कीबोर्डच्या पट्ट्या पुसत होता. एक एक पट्टी, सावकाश. मुक्या पट्ट्यासुद्धा.

परत येताना आखाडा बाळापूरला चहाला थांबलो. मला राहवेना. म्हणालो, 'वसराम, ते बोलण्याच्या भरात निघून गेलं रे.'

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला. म्हणाला, 'बगळे चांगले व्हते, गुरुजी.'

एवढंच. आणि त्यानंतर अकरा वर्षं तो माझ्यामागं बसला. लग्नं, जत्रा, गणपती, शाळेची गॅदरिंगं. तुकडा यायचा, लोक ओरडायचे 'वन्स मोअर', आणि मी हात जोडून पुढं यायचो. मी! वाजवलं कोणी, वाकलं कोण.

दोन हजार एक साली त्याच्या दिपाचं लग्न झालं. तांड्यावर मला मानानं नेलं, फेटा बांधला, पहिल्या खुर्चीवर बसवलं. पाठवणीच्या वेळी वसमतचा बँड होता, त्यानं तोच तुकडा धरला. दिपा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. शेवटी माझ्या पाया पडायला आली. लेकरू हुंदके देत म्हणालं, 'गुरुजी, तुमच्या गाण्यानंच रडू आलं मला.' तिचा बाप तिच्या मागं उभा होता. मला वाटलं, आता तरी सांगावं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगावं, बाई गं, हे तुझ्या बापाचं आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, 'सुखी राहा.' वसराम दुसरीकडं बघत होता. बँडकडं. मी इतकी वर्षं त्याला ओळखत होतो, पण तसा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. मला वाटलं, लेक चालली म्हणून असेल.

मंडळी, मी तुम्हाला कंटाळा आणतोय का? सत्काराच्या उत्तरात माणसानं आभार मानून खाली बसावं, चहा थंड होतोय, हे मला कळतं. अध्यक्ष महाराज, अजून पाच-दहा मिनिटं द्या. मग तुमची आज्ञा.

गेल्या हिवाळ्यात रामप्रसादजींनी जुनी कॅसेट सीडीच्या रूपात आणायचं मनावर घेतलं. चांगल्या मनानं घेतलं. त्याच दिवसांत वसराम अंथरुणाला खिळला. कावीळ पोटात उतरली होती. मी तांड्यावर गेलो, त्याला सीडीचं सांगितलं. तो बाजेवर उठून बसला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. म्हणाला, 'गुरुजी, एक व्हतं. अवंदा त्याच्यावर नाव तेवढं...'

मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. मी म्हणालो, 'टाकतो रे, टाकतो. मोठ्या अक्षरात टाकतो. काळजी करू नकोस.' तो पुन्हा म्हणाला, 'तसं न्हाई गुरुजी, मी काय म्हणून राहिलो...' मी म्हणालो, 'बोलू नको, त्रास होतो. समजलं मला.' तो गप्प बसला. माझ्यापुढं गप्प बसायची त्याला सवयच होती.

आणि मी काय केलं? मी नाव टाकलं. 'कीबोर्ड: वसराम राठोड. ढोलकी: लखमा पवार.' अभिमानानं टाकलं. आणि त्याच्या वर? त्याच्या वर 'गीत, संगीत व स्वर: सटवाजी इंगोले' तसंच ठेवलं. मनाला म्हटलं, नाव आलं ना त्याचं, अजून काय पाहिजे. माणूस अर्धं खरं बोलला की त्याला केवढं हलकं वाटतं! पुरतं खोटं बोललेला तरी झोपेत दचकतो. मी छान झोपलो.

फेब्रुवारीत कव्हरचा नमुना आला, तो घेऊन मी त्याच्याकडं गेलो. त्याला वाचता यायचं, पण अक्षर अक्षर जोडून. त्यानं कव्हर हातात घेतलं आणि ते अर्धं बोट ओळींवरून फिरवत गेला. वरची ओळ वाचली. मग त्याचं नाव आलं. लखमाचं नाव आलं. मग त्यानं कव्हर उलटं केलं, मागं बघितलं. पुन्हा पुढं. पुन्हा एकदा सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं. काहीतरी शोधत होता. मग कव्हर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, 'बराबर हाय, गुरुजी.'

त्यानंतर एकोणीस दिवसांनी वसराम गेला.

तेराव्याला मी गेलो. रूपाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कव्हर पुढं ठेवलं, म्हटलं, 'त्याची इच्छा पुरी झाली बघा. शेवटी नाव लागलं त्याचं.' मला वाटलं त्यांना बरं वाटेल. खरं सांगू? मला वाटलं त्या माझे आभार मानतील.

रूपाबाई म्हणाल्या, 'गुरुजी, त्यायनं सवताचं नाव कवा मागितलं व्हतं?'

मी म्हणालो, 'मागितलं की. मीच ऐकलं.'

'काय ऐकलं तुमी?'

आणि मला आठवलं, मी ऐकलंच नव्हतं. मी बोललो होतो.

मग रूपाबाईंनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांची आता मला लाज वाटते. 'आमची नणंद व्हती, पारी. पार्वती. ह्यायची धाकटी बहीण. मी नवीनच आल्ते तांड्यावर, तवा तिचं लगन झालं. आदिलाबादकडं दिली. आमच्यात पोरगी जाताना ढावलो म्हणती. एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडती, शब्द तिचे तीच जोडती. मायच्या गळ्यात येगळं, बापाच्या गळ्यात येगळं, भावाच्या गळ्यात येगळं. पारी ह्यायच्या गळ्यात पडून जे रडली ना गुरुजी, सारा तांडा उभा राहिला. मधीच तिचा आवाज तुटायचा, दम घ्यायची, पुन्हा धरायची. दुसऱ्या वर्षी बाळंतपणात मेली तिकडंच. मातीलाबी पोचलो न्हाई आमी. तिचा फोटू न्हाई, लुगडं न्हाई, काहीच न्हाई. ते रडणं तेवढं ह्यायच्याजवळ राहिलं व्हतं. ते इसरू नये म्हणून पेटी शिकले ते.'

मी विचारलं, 'पण तो अडखळतो ना सूर, तो तर अर्ध्या बोटामुळं...'

'बोट मागून तुटलं, गुरुजी, पारी गेल्यावर. ती अडखळ पारीची हाय. बोट तुटून आले तवा मी रडून राहिले, अन् हे मलाच समजावून राहिले, म्हणे आता बराबर बसतंय तिथं.'



तर असं आहे. तीन महिने मी हे छातीवर घेऊन फिरतोय. मला वाटत होतं मी एका माणसाची चाल घेतली. चाल घेतली असती तर एक वेळ मी तुम्हाला तोंड दाखवू शकलो असतो. मी त्याची बहीण घेतली. त्या खोलीत मी ओळ विसरलो तेव्हा त्या माणसानं घाईघाईत जवळ होतं ते काढून मला दिलं, माझी लाज राखायला. सोळा वर्षं कोणाला न दाखवलेलं. आणि मी जिन्यात म्हणालो, माझंच लिहा. दसऱ्यात त्याच्यावर बगळे उडवले. दिपाच्या लग्नात त्याच्या बहिणीचं रडणं त्याच्या लेकीच्या पाठवणीला वाजत होतं, आणि फेटा माझ्या डोक्यावर होता. तो त्या दिवशी बँडकडं का बघत होता ते मला आत्ता कळलं, तो नसताना.

त्याला एवढंच म्हणायचं होतं की नाव पारीचं टाका. अर्धं वाक्य होतं. मी पुरं होऊ दिलं नाही.

घरी आलो आणि गोजरबाईला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिनं इतकंच विचारलं, 'इतक्या वर्षात मलाबी सांगितलं न्हाई तुमी?' मग रामप्रसादजींना फोन केला. ते म्हणाले, गुरुजी, कव्हरं छापून झाली, पाचशे, पुढच्या खेपेला दुरुस्त करू. त्यांचा काही दोष नाही, मी दिलं तसं त्यांनी छापलं. मी म्हणालो, सगळी पाचशे माझ्या घरी पाठवा. त्यांनी काही न विचारता पाठवली, हे त्यांचे उपकार.

ओसरीवर बसून रोज सत्तर-ऐंशी करत गेलो. 'संगीत' या शब्दापुढचं माझं नाव पट्टी लावून खोडायचं आणि खाली निळ्या शाईनं लिहायचं. गोजरबाई एक एक उचलून बाजेवर वाळत घालायची, उन्हाळ्यात पापड घालावेत तशी, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवायची. छत्तीस वर्षं पोरांना शिक्षा केली, चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून आण म्हणून. मी पाचशे वेळा लिहिला. काय लिहिलंय ते वाचतो.

'मधली सुरावट: पार्वती, हरसिंग नाईक तांडा. सासरी जाताना तिनं भावाच्या गळ्यात म्हटलेला ढावलो. तो जपला आणि वाजवला: वसराम राठोड.'

अध्यक्ष महाराज, कार्यक्रमपत्रिकेत सीडीचं प्रकाशन आपल्या हस्ते आहे. आपला मान मोठा आहे, तो मी कमी करत नाही. पण चूक पदरात घेऊन माझी एक विनंती ऐका. ही फीत रूपाबाईंना सोडू द्या... तुम्ही मान हलवलीत. आभारी आहे साहेब, फार आभारी आहे. रूपाबाई, पुढं या. पोरांनो, वाट द्या त्यांना. शेवटच्या रांगेतून पुढं यायला किती वेळ लागतो ते आम्हाला बघू द्या.

तोवर आणखी एक मागणं. समोर वसमतचे बँडमास्तर बसलेत. मास्तर, तुकडा वाजवणं बंद करू नका. उलट वाजवा. फक्त वाजवण्याआधी एकदा माइकवर सांगत चला, हे पारीचं आहे. आणि रसिकहो, यापुढं कोणतंही गाणं ऐकाल, माझं नाही, कोणाचंही, तर गाणाऱ्याच्या आवाजामागं जरा कान लावा. तिथं कोणीतरी बसलेलं असतं. गाणारा अडला की तो आपल्या घरातलं काहीतरी काढून देत असतो. त्याचं नाव विचारा. आणि तो सांगत असताना मधे बोलू नका.

सत्कार समितीचे, संस्थेचे, मांडव घालणाऱ्यांचे, चहावाल्या मंडळींचे, उन्हात थांबलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. ही शाल मी रूपाबाईंच्या हाती देतोय. हार माझ्या गळ्यात शोभत नाही, तो या कीबोर्डवर ठेवतो. हो, तोच आहे हा, मुक्या पट्ट्यांचा. मी मागून आणलाय.

आता रीत अशी आहे की बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला, असं म्हणून वक्त्यानं खाली बसावं. बोलण्यातल्या चुका तुम्ही खुशाल पोटात घाला. पण ती दुसरी चूक तुमच्या पोटात मावायची नाही, आणि तिची माफी तुमच्याकडं नाहीच. ती ज्याच्याकडं होती त्याच्याकडं मी कधी मागितली नाही. मागितली असती तरी तो काय म्हणाला असता हे मला पाठ आहे. त्यानं कव्हर उलटंसुलटं करून बघितलं असतं, बहिणीचं नाव कुठंच सापडलं नसतं, आणि तो म्हणाला असता, 'बराबर हाय, गुरुजी.'

बराबर नव्हतं रे, वसराम.

नमस्कार.